गुलाबी बिया वाणाच्या गटात

मी माल लावते. पूर्वी फळीवर लावायचे, आता पडद्यावर लावते, एवढाच फरक.

लोणी काळभोरच्या दुकानात मी अकरा वर्षं काउंटरमागे उभी राहिले. दुकान निम्मं शेतीचं, निम्मं घरचं. उजवीकडे बियाणं, फवारणीचे पंप, ठिबकच्या नळ्या. डावीकडे डबे, गाळण्या, कंगवे, उदबत्त्या. पुढे मालकांनी सोलापूर रस्त्यावर आणखी दुकानं उघडली, ॲप काढलं, दुकानाला कंपनी म्हणायला लागले आणि मला हडपसरच्या ऑफिसात खुर्ची दिली. कारण एकच: कोणती वस्तू कुठे ठेवली म्हणजे गिऱ्हाइकाला सापडते, हे माझ्याइतकं तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं. आपली आपणच टिमकी वाजवतेय, पण खोटं नाही.

ॲपवर फळ्या नसतात, गट असतात. फळीवरची वस्तू एका वेळी एकाच जागी राहते. गटांचं तसं नसतं, एकच वस्तू चार गटांत बसू शकते. आपली केरसुणी घ्या. वर्षभर ती 'स्वच्छता' गटात फिनाइलशेजारी पडून असते, ढुंकून कोणी बघत नाही. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस मी तिला 'लक्ष्मीपूजन' गटातही बसवायचे, पणत्या आणि बत्ताशांच्या शेजारी, आणि तिथे ती हातोहात खपायची. दिवाळी आटोपली की पुन्हा फिनाइलजवळ. असलं ज्ञान कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत.

पण गट पाडायचं प्रत्यक्ष काम आमचे एकुलते एक प्रोग्रॅमर करायचे. पेठेत वाढलेले, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, आणि जिभेला पुण्याची धार. ते मला ताई म्हणायचे, मी त्यांना सर म्हणायचे आणि दिवसातून एकदा तरी आमचं वाजायचं. मला राग लवकर येतो आणि त्यांना माणसाला राग आणून द्यायची कला अवगत आहे, त्यामुळे बरं जमायचं. पहिल्याच महिन्यात त्यांनी 'औषधे' नावाचा गट केला, त्यात बामाच्या बाटलीशेजारी उंदराचं औषध येऊन बसलं. मी म्हटलं, "सर, डोकेदुखी कायमची जाईल गिऱ्हाइकाची." ते मान वर न करता म्हणाले, "नावात औषध लिहिलंय, म्हणून आलं. नाव कोणी लिहिलंय?" नाव मी लिहिलं होतं.

हे गट हाताने पाडत नाहीत, एपीआयमधून पाडतात. एपीआय म्हणजे काय, हे मी त्यांना तीनदा विचारलं तेव्हा तिसऱ्या खेपेला त्यांनी मला कळेल असं सांगितलं. "ताई, सरकारी कचेरीतली खिडकी समजा. ठरलेल्या नमुन्यात चिठ्ठी लिहायची आणि आत सारायची. नमुना बरोबर असेल तर काम होतं, नसेल तर चिठ्ठी परत येते. आतल्या माणसाला काय वाटतं, हा प्रश्नच येत नाही." त्या चिठ्ठीवर गटाचं नाव लिहायचं आणि खाली नियम लिहायचा: अमुक शब्द ज्यांच्या नोंदीत आहे त्या सगळ्या वस्तू या गटात घाला. चिठ्ठी आत सारली की दोन सेकंदांत शंभर वस्तू नव्या फळीवर जाऊन बसतात. मला फार गंमत वाटायची. एवढा माल लावायला दुकानात आम्हाला दोन दिवस लागायचे, वर कंबर धरायची ती वेगळीच.

आता वाणाकडे येते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं.

माझे वडील शेती खात्यात होते, बियाणं तपासायच्या कामावर. आमच्या घरी जेवताना वाणांच्या गप्पा चालायच्या. हा वाण लवकर येतो, तो वाण रोगाला बळी पडतो, अमुक वाण दिसायला देखणा पण चवीला पाणी. काउंटरवरही तेच. शेतकरी पुडी हातात घेतो आणि पहिलं विचारतो, "वाण कोणता हाय?" म्हणून बियाण्याच्या पुड्या ॲपवर चढवताना मी प्रत्येकीच्या नोंदीत मन लावून लिहिलं: वाण, लाल भोपळा, गोल, लवकर येणारा. वाण, दोडका, लांब, मांडवाचा. अशा कितीतरी. कोणी सांगितलं नव्हतं, पण अर्धवट काम मला जमत नाही.

दुसरं एक वाण असतं, संक्रांतीचं. आमचं घर बौद्ध. आजोबांच्या पिढीपासून आमच्याकडे हळदीकुंकू नाही, वाण नाही. म्हणून मला ते माहीतच नव्हतं असं नव्हे; पुण्यात जन्म काढून ते माहीत नसणं अवघड आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायका एकमेकींना बोलावतात, हळदीकुंकू लावतात, तिळगूळ देतात आणि एखादी छोटी वस्तू हातावर ठेवतात. डबी, कंगवा, चमचा, काहीही. त्या वस्तूला म्हणायचं वाण. आमच्या घरातला तो वाण आणि त्यांच्या घरातलं ते वाण. लिहायला गेलं तर अक्षरं तीच.

ऑफिसातल्या बायकाही दरवर्षी एका दुपारी हळदीकुंकू करायच्या. मला कोणी कधी वेडंवाकडं बोललं नाही, हे आधी सांगते. फक्त माझ्या टेबलापाशी आल्यावर करंडा धरलेला हात क्षणभर अडखळायचा. लावावं की नाही, विचारावं की नाही, अशी त्या बाईची पंचाईत व्हायची, आणि तो अडखळलेला हात मला बघवायचा नाही. मग मी आधीच उठून खाली चहाला जायला लागले. पुढे पुढे ती सवयच झाली. वाणाचा विषय निघाला की मी चहाला.

त्या वर्षी सरांनी 'संक्रांतीचं वाण' असा गट केला. ऑफिसातल्या दोघींनी डब्या, कंगवे, कुंकवाच्या बाटल्या अशा वस्तूंच्या नोंदीत वाण हा शब्द घालून दिला होता. नियम सोपा होता: नोंदीत वाण असेल आणि किंमत पन्नासच्या आत असेल, ती प्रत्येक वस्तू गटात. चिठ्ठी सारली, गट तयार. तपासायला सगळ्या बायका त्यांच्या संगणकाभोवती गोळा झाल्या. पहिल्या पानावर डब्या आणि कंगवे होते. "अय्या, किती गोड!" असा एकच गलका झाला आणि पुढची पानं उघडायची गरज कोणाला वाटली नाही. पुढच्या पानांवर माझे दोडके आणि भोपळे बसले होते. प्रत्येक वस्तू ओळखणारी बाई ऑफिसात एकच होती, आणि ती त्या वेळी खाली टपरीवर कटिंग पीत उभी होती.

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. सकाळी आल्या आल्या गिऱ्हाइकांचे प्रश्न वाचायचे, हे माझं काम. बहुतेक प्रश्न ठरलेले: झाकण घट्ट बसतं का, रंग दुसरा मिळेल का. त्या दिवशी तिसराच प्रश्न असा होता: "भोपळ्याच्या बियांचा गुलाबी रंग धुतल्यावर पूर्ण जातो ना? वाण म्हणून चाळीस पुड्या घेतल्यात."

मी तो दोनदा वाचला. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पेरायच्या बियांना बुरशी लागू नये म्हणून औषध चोळलेलं असतं. ते विष असतं. कोणी चुकून खाऊ नये म्हणूनच त्याला तो भडक गुलाबी रंग देतात. पुडीच्या मागे लिहिलेलं असतं, विषारी, खाण्यासाठी वापरू नये, पण ते मुंगीएवढ्या अक्षरांत. पुढे मात्र असा लालबुंद, रसरशीत भोपळा छापलेला असतो की बघणाऱ्याला भूक लागावी. आणि हल्ली भोपळ्याच्या बिया लोक खातात! डाएटवाले सांगतात, मूठभर बिया रोज खा. त्या बाईंनी काय विचार केला असेल, हे मला लख्ख दिसलं. प्लॅस्टिकपेक्षा काहीतरी पौष्टिक देऊ. चाळीस घरांत.

ऑर्डरवर फोन नंबर होता. लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. मग मी खुर्ची मागे ढकलून सरांच्या टेबलाकडे गेले आणि अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "सर, तुम्ही वाणात विष घातलंय."

त्यांनी पडदा बघितला. तोंडावरचा रंग उतरला, पण जीभ काही गप्प बसेना. "बियाण्यांवर वाण कोणी लिहिलं?"

"बियाण्यावर वाण नाही लिहायचं तर काय लिहायचं? गाव?"

"जात लिहा, प्रकार लिहा! वाण म्हणजे हे असतं, हळदीकुंकवाचं."

"तुमच्या घरी!" मी म्हटलं. हे माझ्या तोंडून जरा जास्तच जोरात गेलं.

सरांनी पुढे वाद घातला नाही, एवढं श्रेय त्यांना देते. त्यांनी आधी गट काढून टाकला. एकच चिठ्ठी, दोन सेकंद, गट नाहीसा. मग त्या गटातून गेलेल्या सगळ्या ऑर्डरी काढल्या आणि आम्ही दोघांनी बोट ठेवून ठेवून वाचल्या. डब्या, कंगवे, चमचे, पुन्हा डब्या. बियांची ऑर्डर एकच होती, हीच. मांजरीतल्या, म्हणजे कालपरवापर्यंत शेतं होती तिथल्या, एका नव्या सोसायटीचा पत्ता, माल दोन दिवसांपूर्वी पोचलेला.

"पुड्या परत मागवायची चिठ्ठी नसते का?" मी विचारलं. वेडा प्रश्न होता, पण विचारला.

"नसते," ते म्हणाले आणि हेल्मेट उचललं. "चला."

त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी वाटभर फोन लावत होते. कोणी उचलत नव्हतं. माझ्या डोक्यात एकच चित्र: कोणाचं तरी पोर गुलाबी बिया चघळतंय. मनातल्या मनात मी स्वतःला शिव्या घालत होते, आणि मधूनमधून सरांनाही, म्हणजे वाटणी सारखी झाली.

सोसायटी सापडली, लिफ्टने दुसऱ्या मजल्यावर गेलो, दार वाजवलं. तिशीतल्या बाईंनी दार उघडलं, हाताला पीठ, केसांना रुमाल. आत जेवणाच्या टेबलावर छोट्या पारदर्शक डब्यांचे मनोरे रचलेले होते. प्रत्येक डबीला लाल फीत. आणि आत गुलाबी बिया.

पुड्या कात्रीने कापून त्यांनी त्या डब्यांमध्ये भरल्या होत्या. म्हणजे मुंगीएवढ्या अक्षरांतली सूचनासुद्धा आता कोणाच्या दृष्टीस पडणार नव्हती.

"खाल्ल्या का कोणी?" मी नमस्कारही केला नाही.

बाई गोंधळल्या. सरांनी ओळख सांगितली, काय झालं ते सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना एकही टोमणा न मारता सलग बोलताना ऐकलं.

"पण तुमच्या ॲपवर वाणात होतं ना हो!" त्या म्हणाल्या. "वाणात कोणी विष ठेवतं का?"

मी एवढंच म्हटलं, "चूक आमची आहे. खाल्ल्या का कोणी, ते आधी सांगा."

"नाही. मूठभर धुतल्या होत्या काल, तर पाणी लालभडक झालं, म्हणून तर तुम्हाला विचारलं. त्या ताटात वाळत टाकल्यात. मी चाखून बघणार होते, तर सासूबाई म्हणाल्या, वाण द्यायच्या आधी घरातल्यांनी उष्टं करायचं नाही."

ज्या रिवाजाशी माझा काही संबंध नव्हता, त्याने त्या घरातल्या सगळ्यांना वाचवलं होतं. मी त्या न पाहिलेल्या सासूबाईंना मनोमन हात जोडले.

हळदीकुंकू संध्याकाळी पाचला होतं. आम्ही मोजायला बसलो. टेबलावर अडतीस डब्या. ताटात एका पुडीच्या बिया. एकोणचाळीस.

"चाळिसावी?" मी विचारलं.

बाईंचा हात तोंडावर गेला. "चौथ्या मजल्यावरच्या आजी. त्या साताऱ्याला लेकीकडे निघाल्या, संध्याकाळी नसणार, म्हणून त्यांना सकाळीच हळदीकुंकू लावून डबी दिली. लेक गरोदर आहे हो त्यांची. म्हणाल्या, बरं झालं दिलंस, लेकीकडे नेते."

माझ्या पाचावर धारण बसली.

आजींचा फोन लावला, घंटी जात होती पण त्या उचलत नव्हत्या. तासाभरापूर्वी निघाल्या होत्या, बसने स्वारगेट, तिथून साताऱ्याची एसटी. बाईंनी त्यांचा सकाळचाच फोटो मला पाठवला: हिरवं नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात डबी, चेहऱ्यावर हसू. सरांनी तोवर सगळ्या डब्या आणि ताटातल्या बिया एका पिशवीत भरून वर गाठ मारली. निघताना बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, "आता पाच वाजता मी बायकांना काय देऊ?" मी जिना उतरता उतरता आमच्या मांजरीच्या दुकानात फोन केला आणि स्टीलच्या चाळीस चहागाळण्या ताबडतोब त्यांच्या दारात पोचवायला सांगितल्या. तेवढं एक काम त्या दिवशी मी न चुकता केलं.

स्वारगेटपर्यंतचा रस्ता कधी संपतोय असं झालं होतं. प्रत्येक सिग्नल आमच्यासाठीच लाल. एका सिग्नलला सर मागे न बघता म्हणाले, "गट तपासला तेव्हा तुम्ही नव्हतात. तुम्ही एक नजर टाकली असतीत तरी कळलं असतं."

"चहाला गेले होते."

"तेच म्हणतोय. नेमक्या तेव्हाच चहाला जाता तुम्ही."

मग मी त्यांना सांगितलं. करंड्याचं, अडखळणाऱ्या हाताचं, आमच्या घरचं. तीन वर्षांत कधी सांगितलं नव्हतं, ते हेल्मेटच्या पाठीला सांगितलं. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी स्कूटर हलली नाही.

"मला वाटायचं, तुम्हाला चहा फार आवडतो," ते म्हणाले.

मग स्कूटर हलली.

स्वारगेटला ते स्कूटर घेऊन बाहेरच थांबले आणि मी आत पळाले. चौकशीच्या खिडकीतल्या माणसाने माझ्याकडे न बघता फक्त बोट दाखवलं. साताऱ्याची गाडी लागलेली होती, इंजिन सुरू होतं. मी दारातून वर चढले आणि ओरडले, "मांजरीच्या आजी कोण आहेत? मांजरीच्या आजी?"

कंडक्टर म्हणाला, "मॅडम, हजेरी नंतर घ्या. बसायचं असेल तर बसा, नाहीतर उतरा."

चौथ्या बाकावरून हिरव्या पदराचा हात वर झाला. "मी हाय. का गं बाई?"

खिडकीशी बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीवर डबी. फीत सुटलेली आणि झाकण उघडं.

"आजी, बिया खाल्ल्या का?" "या बिया खाल्ल्यात का तुम्ही?"

आजींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी विचारलं होतं, चप्पल खाल्ली का.

"आगं, या कुणी खातं व्हय? गुलाबी हायेत त्या. औषिध लावल्यालं हाय." त्यांनी डबी माझ्या नाकापुढे धरली. "माझी हयात गेली मांजरीत बी टोकण्यात. पेरायचं बी मला कळत न्हाई व्हय?"

"पण तुम्ही म्हणालात लेकीसाठी..."

"लेकीसाठीच तर! तिच्या घरामागं मोकळी जागा हाय, मांडव घालून दिलाय जावयानं. त्यावर चढवीन म्हनलं भोपळा. दर साली मेल्या पिलाष्टिकच्या डब्या येत्यात वाणात. औंदा पोरीनं बी दिलं, मला लई ग्वाड वाटलं. म्हनलं, फ्लॅटात राहून बी पोरगी शहाणी हाय."

माझा जीव भांड्यात पडला. इतक्या जोरात पडला की मी समोरच्या बाकाची कड धरून हसायलाच लागले. कंडक्टर बघतच राहिला. बियाणं तपासणाऱ्या माणसाची मी मुलगी, अकरा वर्षं शेतकऱ्यांना पुड्या विकलेली. गुलाबी बी बघून मांजरीतली म्हातारी ते तोंडात घालणार नाही, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आम्ही दोघं ज्या शब्दावरून सकाळपासून भांडत होतो, त्याचं आजींच्या घरी भांडणच नव्हतं. वाणात वाण आला, त्यांना दुप्पट आनंद झाला, संपलं.

तरी मी म्हटलं, "आजी, डबी मला परत द्या. कोणीतरी चुकून खाईल."

"वाण माघारी देत न्हाईत," त्या म्हणाल्या आणि डबीवर हात ठेवला. त्या हाताकडे बघून मी पुढे मागायचं धाडस केलं नाही. पर्समधून पेन काढून झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: विष आहे, फक्त पेरण्यासाठी, खाऊ नये. लेकीला फोनवरही सांगायला लावलं. आजींचा फोन पिशवीच्या तळाशी लुगड्यांखाली होता, त्यावर आमचे सगळे फोन जसेच्या तसे पडलेले. लेक पलीकडून म्हणाली, "आई, मला ठाऊक हाय गं, मी काय शहरातली हाय का?"

मी उतरायला वळले तेव्हा आजींनी माझा हात धरला. "एवढी धावत आलीस माझ्यापायी. तुझं वाण झालं का औंदा?"

"आमच्यात नसतं, आजी."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. काय कळायचं ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी कारण विचारलं नाही. विचारलं ते असं:

"नसतं म्हंजे? बी पेरत न्हाईत व्हय तुमच्यात?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी पिशवीतून मांजरी ते स्वारगेटचं बसचं तिकीट काढलं, त्यावर डबीतून पाच बिया मोजून टाकल्या, तिकिटाची पुडी वळली आणि ती माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटं मिटवली. हात अजिबात अडखळला नाही. "घे. चार तरी उगवतील. आन् हात धू बरं का लगीच."

गाडी हलली. मी उडी मारल्यासारखी खाली उतरले. बाहेर सर स्कूटरला टेकून उभे होते, माझ्या चेहऱ्यावरून काही कळतंय का ते बघत. मी लांबूनच ओरडून सांगितलं, "खाल्ल्या नाहीत! कोणीच खाल्ल्या नाहीत!" ते रस्त्याच्या कडेलाच खाली बसले, हेल्मेट मांडीवर घेऊन.

मी पुडी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि स्टँडच्या नळावर गेले. साबण नव्हता, म्हणून तीनदा हात धुतले. तिसऱ्यांदा धुताना मला रडू आलं, आणि नळ चालू होता म्हणून मी ते आवरलं नाही.